अर्धा श्वास आधी

सावद्याच्या वजनकाट्यावर मी केळीच्या घडांचे आकडे लिहितो.
शर्टाच्या खिशात कॅमेरा असतो,
भुसावळच्या जुन्या बाजारात साडेआठशेला घेतलेला.
सेलच्या झाकणाला रबरबँड, पडदा तडकलेला,
झूमचं बटण दाबलं की खोकतो आणि जागीच बसतो.
कोपऱ्यावर चिकाचा डाग आहे.
केळीच्या चिकाचा डाग जात नाही, हे इथल्या पोराठोरांनाही ठाऊक.

पहिलं वर्ष मी नुसती मुंडकी उडवली.
मामेबहिणीच्या हळदीत सगळे गळ्यापासून खाली,
बांगड्या तेवढ्या छान आल्या.
फैजपूरचे लुकमानभाई, स्टुडिओवाले,
पत्ते लावावेत तसे ते फोटो लावत गेले
आणि म्हणाले, "झूम नाही म्हणतोस, भो,
मग पाय कशाला दिलेत?"
शिकवण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.
चहा मात्र दर वेळी माझाच.

तर मी पायांनी शिकलो.
दोन पावलं डावीकडे सरकलं
की विजेचा खांब माणसाच्या टाळूतून निघून जातो.
गुडघ्यावर बसलं की पोरगं पोराएवढं दिसतं.
मे महिन्यात अकरानंतरचा उजेड म्हणजे चुना,
तोंडाला फासलेला. तेव्हा कॅमेरा खिशातच बरा.
बागेत उलट: पानांतून गाळून आलेल्या उजेडात
चेहरे शेवाळलेले येतात.
एकदा खताची पांढरी गोणी उसवून
पाणी सोडणाऱ्या पोराला म्हटलं, धर.
उजेड गोणीवर आपटून त्याच्या भावाच्या गालावर आला.
त्या दिवशी घरी येताना
सायकल चालवत होतो की ढकलत, आठवत नाही.

एक खोड तेवढी जाईना.
बटण दाबल्यावर हा कॅमेरा जरा विचार करतो.
अर्धा श्वास. तेवढ्यात हसू मिटतं,
बगळा उडतो, मालगाडीचा गार्ड झेंडा गुंडाळतो.
माझ्याकडे शेकडो फोटो आहेत,
सगळे 'आत्ताच झालं' याचे.

रुबाब तडवीला फोटो हवा होता.
"कार्डावरच्यासारखा नको, त्यात मी चोर दिसतो."
समोर उभा केला की त्याचा सागाचा ओंडका व्हायचा,
हात मांड्यांना चिकटलेले, डोळे वटारलेले.
तीन आठवडे गेले.
आकडे लिहिता लिहिता मी त्यालाच पाहू लागलो:
घड काट्यावर टेकवला की तो आधी बोटं झटकतो,
मग डावा खांदा उचलतो,
मग मान वर येते, सातपुड्याकडे, उगीचच.
मी बोटं झटकतानाच दाबलं.
(त्या दिवशीचा एक आकडा चुकला. मालकाचं बोलणंही खाल्लं.)

लुकमानभाईंनी पोस्टकार्ड साइजचा काढून दिला, चहाविना.
रुबाबने तो उन्हात धरला, सावलीत धरला.
"घड कुठंय यात?"
"उतरवला होतास."
"मग मानेवर दिसतो कसा?"
मला उत्तर सुचलं नाही.
त्याने पुन्हा विचारलं नाही,
विडीच्या बंडलामागे फोटो सरकवून
पुढच्या ट्रकाकडे गेला.

दिवाळीत पुण्याचा चुलतभाऊ आला.
त्याच्या कॅमेऱ्याची बॅग माझ्या डब्याच्या पिशवीच्या चौपट.
म्हणाला, आता तरी नवा घे.
घेईन. पैसे साठतायत तांदळाच्या डब्यात,
पावसाळ्यात कॅमेराही तिथेच असतो, दमट लागू नये म्हणून.
बायको म्हणते, भाताला सेलचा वास येतो.

काल तापीच्या पुलाखाली
बगळ्यासाठी दीड तास बसलो. पायाला मुंग्या आल्या.
त्याने मान आखडली, मी दाबलं,
जरा जास्तच आधी.
पाणी वाकडं आलंय, काठ कापला गेलाय.
पण बगळा
अजून गेलेला नाही.