ओला काठ

ताडपत्री काढली तेव्हा डेकवर
बर्फाचा मळकट तुकडा उरलेला,
आणि कॉकपिटमध्ये बाबांचा हातमोजा. फक्त डावा.

टेर्ना. चौऱ्याहत्तर सालची, सव्वीस फुटी.
फायबरग्लास कुजत नाही, असं बाबा म्हणायचे,
लाकडी होडीवाल्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.
नाही कुजत. पण पाणी पितं, गुपचूप, जन्मभर.
बुडाला वाटाण्याएवढे फोड आलेले;
पटाशीचं टोक लावलं की पचकन गालावर
व्हिनेगरच्या वासाचं जुनं पाणी.

लार्समोच्या यार्डातला रोलांड हातोडीच्या दांड्यानं
डेक ठोकत फिरला,
पाव आतून भाजला का बघतात तसा कान तिरका करून.
टण. टण. टण. मास्टपाशी: बद.
"आत बाल्साचा चिखल झालाय. विकून टाक."
विकत कोण घेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिला उन्हाळा कापण्यात गेला आणि वाळण्यात.
(वाळताना माणसानं काही करायचं नसतं,
तेच मला जमत नाही.)
दुसऱ्या उन्हाळ्यात सँडर.
तोंडाला मास्क, पापण्यांवर निळी पूड,
रात्री उशीवरसुद्धा निळी.
निळ्याखाली हिरवा निघाला, मी जन्मले त्या साली दिलेला,
हिरव्याखाली कारखान्यातला मूळ पांढरा,
दुधाच्या दातासारखा.

आणि डाव्या कुशीवर, पाणरेषेच्या वीतभर वर,
अलारिकचा खडक.
आमच्या घरात त्या जागेला तेच नाव आहे.
एक्क्याण्णवचा जुलै, तो पंधरा वर्षांचा, सुकाणू त्याच्या हातात,
आणि मग धक्क्यावर, सगळ्यांसमोर, बाबा जे बोलले ते.
त्यानंतर तो होडीत चढला नाही.
पुढं पुढं घराच्या पायऱ्याही नाही.

हिरवा खरवडून बसवलेलं बशीएवढं ठिगळ,
वरून निळा. बरोबर. हिशेब जुळत होता.
पण सँडर जरा जास्त वेळ धरला गेला,
आणि हिरव्याच्याही खालून, त्याच जागी,
दुसरं ठिगळ वर आलं. ताटाएवढं. मधासारखं पिवळं रेझिन.
हिरव्याच्या आधीचं.
म्हणजे अलारिक तेव्हा खुर्चीला धरून उभं राहायला शिकत असेल.

मी मशीन बंद केलं.
कानात बराच वेळ ते चालूच राहिलं.

"टू-पॅक रंगाला दोन माणसं लागतात," फोनवर म्हटलं.
"एकानं रोलर ओढायचा, दुसऱ्यानं मागोमाग
ब्रशचं नुसतं टोक फिरवायचं, काठ ओला असेतो.
यार्डात कुणी मोकळं नाही."
साफ खोटं. रोलांड मोकळाच होता,
ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून ऐकत होता.

वासाहून तो आला, जावयासारखा स्वच्छ शर्ट घालून.
सगळीकडे प्रायमर मारून झालेला, तेवढी जागा सोडून.
मी काही दाखवलं नाही. कॉफी ओतत राहिले.
त्यानं अंगठा फिरवला:
निळा, बशी, हिरवा, ताट, पांढरा.
परत उलटा.
"म्हातारा," तो म्हणाला.
शिवी होती की काय होतं, कळलं नाही.
मग बाही दुमडून त्यानंच त्यावर प्रायमर लावला,
आणि तो वाळेपर्यंत गाडीत झोपला.

सकाळी वारा नव्हता. दव उडालेलं. बर्चचे पराग संपलेले.
हार्डनर घातलं की घड्याळ डब्यात शिरतं.
मी रोलर, तो ब्रश, नाळेपासून मागं मागं,
मागं न बघता.
नाक खाजलं तरी थांबायचं नाही,
थांबलं की काठ मरतो, आणि मेलेला काठ
रंगात कायम दिसतो.
शेवटच्या हातभरात एक चिलट येऊन चिकटलं,
पाय झाडू लागलं.
मी नखानं काढायला गेले.
"राहू दे," तो म्हणाला.

उजवी बाजू अजून कोरीच आहे.
ब्रश थिनरमध्ये बुडवून, हात पुसत,
शनिवारी हवा कशी आहे
ते त्यानं रोलांडला विचारलं. मला नाही.