शंभर किलोमीटरच्या आत

टेबलावर तीन माहितीपत्रकं, त्यांवर मिठाची बाटली,
कारण दुपारनंतर वारा कुणाला विचारून आत येत नाही.
मी पेट्रुसचा चष्मा लावून बसले आहे.
माझ्या चष्म्यातून ही अक्षरं दिसत नाहीत,
आणि मेख तर बारीक अक्षरांतच असते.

पहिली कंपनी म्हणते, वर्षातून तीनदा गाडी ओढून नेऊ.
चौथ्यांदा काय, त्याबद्दल अवाक्षर नाही.
चित्रात एक बाई, पांढऱ्या बुटांतली,
बंद पडलेल्या गाडीला टेकून हसते आहे.
इतकी स्वच्छ गाडी आमच्या रस्त्यावर
चालतानासुद्धा पाहिली नाही मी.

दुसरी म्हणते, शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत.
नातवाच्या दप्तरातून कंपास काढला,
कीटमान्सहूपवर टोक रोवलं, पेन्सिल फिरवली.
बेथानी जेमतेम रेषेवर आलं.
माझं घर त्याच्याही पलीकडे,
मिठाची बाटली आहे तिथे.

तिसरी फोनवर निळा ठिपका दाखवते.
ठिपक्याला रेंज लागते.
रेंज टेकडीवर आहे.
टेकडीपर्यंत जायला गाडी लागते.

पेट्रुस होता तेव्हा निवडायचा प्रश्नच नव्हता.
डिकीत पान्यांचं खोकं, तार, फाटकी ट्यूब
आणि धुण्याच्या साबणाची अर्धी वडी.
टाकी गळायला लागली की भेगेत साबण दाबायचा.
असाच एकदा माल्टाहोहेपर्यंत घेऊन गेला मला,
वाटभर शिव्या देत, देवाची क्षमा मागत, पुन्हा शिव्या देत.
त्याची वर्गणी एवढीच,
की गाडी बंद पडली तर चूक गाडीची म्हणायचं.

शेवटी दाविडच्या दुकानातून तिन्हीकडे फोन लावले.
म्हटलं, समजा, मी अडकले आहे.
पहिलीकडे आधी संगीत, मग एक मुलगी:
सभासद क्रमांक सांगा.
दुसरीकडे: रस्त्याचं नाव?
सी चौदा.
घर क्रमांक?

तिसऱ्या वेळेला मीच कंटाळले होते.
म्हटलं, ती बाभूळ आहे ना,
सुगरणींनी अख्खं गाव बांधलंय जिच्यावर,
भाराने फांदी मोडलीय, तिच्यापाशी आहे.
पलीकडे शांतता. मग खोकला.
मग एका वयस्क माणसाचा आवाज:
कुठली फांदी, रस्त्याकडची?
आणि मी हो म्हणायच्या आत,
पाणी किती आहे तुमच्याजवळ?
सावली सोडू नका. गाडी सोडून चालत निघू नका.

नाही हो, मी दुकानात आहे, मी म्हटलं,
नुसती चौकशी करत होते.
बरं मग, तो म्हणाला,
पण फोन ठेवला नाही लगेच.

ही तीच, निळ्या ठिपक्याची कंपनी.
तिघींत सगळ्यात महाग.
दाविड वजनकाट्यामागून म्हणाला,
आवाज ऐकून कंपनी घेतेस, हेंड्रिना?
उद्या त्याने नोकरी सोडली तर?
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
साखर घेतली, मेणबत्त्या घेतल्या, घरी आले.

आता फॉर्म भरते आहे.
गाडीचा रंग: पूर्वी निळा.
किती चालली: काटा दोन वर्षांपूर्वी थांबला.
आणीबाणीत कुणाला कळवायचं,
या रकान्यात हात आपला आपणच चालला.
पहिलं अक्षर लिहून झालं तेव्हा ध्यानात आलं.
खोडलं असतं तर कागद घाण दिसला असता.
तेच अक्षर ठेवलं, पुढे पौलिना केलं.
बहीण आहे माझी. दूर राहते, पण फोन उचलते.

काचेवर लावायचं स्टिकर पोस्टाने येणार म्हणे.
पोस्ट सोमवारी येतं, आलं तर.
तोवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून ठेवलेत.
साबण डिकीतच होता.
वाळून दगड झालाय,
तरी पाण्याचं बोट लावलं तर
फेस येतो.