पावतीपुस्तक क्रमांक तीन

शंभर पानं, मध्ये निळा कार्बन,
वर रबरी शिक्का: हेमांगी तळवटकर, अपक्ष,
निशाणी शिलाई मशीन.
शिक्का जरा तिरका उमटतो,
मशीनचं चाक प्रत्येक पावतीवर अर्धंच राहतं.

कन्नमवार नगरातले दरवाजे मला पाठ आहेत.
कुणाची बेल बिघडलेली, कुणाची कडी वाजवायची,
कोण दारातूनच नाही म्हणतं
आणि मग जिन्यापर्यंत मागून येतं.
एकोणीस वर्षं पिग्मी गोळा केली इथे,
रोजचे दहा, वीस, धंदा बरा झाला तर पन्नास.
मग एका सोमवारी पतपेढीचं शटर
वर गेलंच नाही.
तेव्हापासून मी इमारतींच्या मागून जायचो,
गटाराच्या कडेकडेने.

ठेवीदारांचे अर्ज हेमांगी लिहून द्यायची,
ब्लाउज शिवता शिवता, तोंडात टाचण्या.
चारशे अकरा अर्ज.
माझ्याविरुद्धचेही तिनेच लिहिले.
यंदा म्हणाली, दिगंबरदादा, खजिनदार तुम्ही व्हा.
म्हटलं, लोक मारतील गं.
म्हणाली, मारू देत. दार तर उघडतील.

समोरच्याचं होर्डिंग चार मजल्यांएवढं आहे.
रात्री त्याच्या फोकसचा उजेड
आमच्या टेबलावर फुकट पडतो,
त्यात आम्ही चिल्लर मोजतो.

इस्त्रीवाला कनौजिया, एकवीस रुपये.
"मत गावाला आहे, पण पैसे इथले."
कुरियन सिस्टरनी पाचशे काढले, नाव नको म्हणाल्या,
खोलीची फाइल अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे.
नाव नाही तर पावती नाही,
पावती नाही तर पैसे नाहीत.
नोट परत केली. त्या दिवशी
भाड्याच्या लाउडस्पीकरचे पाचशेच कमी होते.
शकू घाडीगावकर आली ती समोरच्यांचं पाकीटच घेऊन,
न फोडलेलं.
"त्यांचेच त्यांच्यावर घाला."
विचारलं, हे कुणाच्या नावावर लिहू?
विचार केला तिने, खरंच केला,
मग म्हणाली, राहू दे, गॅस आणते.

तिसऱ्या मजल्यावर नाचणेकर नाना.
तिथे मी सगळ्यात शेवटी गेलो.
"थांब," म्हणाले, आणि दार लोटून आत गेले.
चपला काढल्या नव्हत्या मी,
पळता यावं म्हणून असेल.
आतून कपाटाचा आवाज, मग पिशव्यांचा,
मग बराच वेळ कसलाच नाही.
आले ते पिग्मीचं पासबुक घेऊन.
प्लास्टिकचं कव्हर, रबरबँड वितळून चिकटलेला.
चौदा हजार दोनशे साठ.
ओळीओळीला माझी सही,
तेव्हा डौलदार होती, शेवटी शेपूट.
शेवटची तारीख त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारची,
खाली रिकाम्या ओळी.
त्यांनी पन्नासची नोट वर ठेवली.
"यात लिही. त्याच्याच खाली."
नाना, पावती फाडावी लागते, नियम आहे.
"ती पण फाड. आधी यात."

मी तारीख घातली. रक्कम.
सही करताना शेपूट आपोआप आलं.
नानांनी चष्मा कपाळावर चढवून
बेरीज बोटावर तपासली,
चौदा हजार तीनशे दहा.
"हं. म्हणजे बुडाले तर आता इतके," म्हणाले.
मी जिना उतरत होतो, मोजत उतरत होतो,
बावीस पायऱ्या.
वर दार लागल्याचा आवाज
अजून आला नव्हता.