नऊ डॉलर वर

लायब्ररीच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून
दर मंगळवारी दहा ते दोन मी बसतो.
टेबल घडीचं, एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची दुमडलेली पानं.
चौतीस वर्षं या गावात शाळेची बस चालवली,
आता त्याच पोरांच्या आयांचे फॉर्म भरतो, फुकट.
घरपट्टीतली सूट. औषधांचं कार्ड.
म्हाताऱ्यांसाठी, आणि
फॉर्मच्या भाषेत, अपंगांसाठी.

खाण बंद पडून तीस वर्षं झाली.
इलिनॉयच्या या टोकाला आता
दोन चर्चं, एक औषधांचं दुकान
आणि पार्किंगला जागाच जागा.

आज अल्डोना पेट्कस आली.
बिस्किटांच्या निळ्या डब्यात सगळे कागद:
घरपट्टीची पावती, पेन्शनचं पत्र,
औषधांची बिलं रबरबँडमध्ये,
रबर वितळून कागदाला चिकटलेलं.
मागे तिचा भाऊ, काझिस.
टोपी हातात. बस म्हटलं तरी बसला नाही.

"रक्तदाबाची गोळी रोज एक?"
"अर्धी."
"डॉक्टरांनी सांगितली?"
"नाही. सुरीनं."

बेरीज केली. परत केली.
तिसऱ्यांदा पेन्सिलीनं केली,
कारण कॅल्क्युलेटरवर राग काढता येत नाही.
उत्पन्न मर्यादेच्या वर.
नऊ डॉलर.

जानेवारीत पेन्शन वाढवली होती
सरकारनंच, महागाई बघून.
एका खिडकीनं हातावर ठेवलं
ते दुसऱ्या खिडकीच्या डोळ्यांवर आलं.

अल्डोना रडली नाही, चिडली नाही.
पर्स उघडली.
पाचाची एक, एकाच्या चार
नखानं सरळ करून माझ्यासमोर मांडल्या.
"पाठवून दे त्यांना, मर्ल.
मी कुठे मागितले होते?"

आता हिला कसं सांगू
की फॉर्मला सहा पानं आहेत
आणि परत घेण्यासाठी एकही रकाना नाही.

चौथ्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती:
घरात अपंग व्यक्ती राहत असल्यास मर्यादा निराळी.
मी काझिसकडे पाहिलं
आणि लगेच भिंतीवरच्या घड्याळाकडे.

पण तिनं पाहिलंच.
"तो काझिस आहे," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

छत कोसळलं त्या रात्री तो शेवटून दुसरा बाहेर आला होता.
डावा कान, उजव्या हाताची तीन बोटं
आणि दोन जिन्यांपुरता उरलेला श्वास.
कंपनीचा चेक आला एकदाच,
त्यात घराचे पत्रे झाले.
तेव्हापासून शेजाऱ्यांना ती सांगत आली:
त्याला गर्दी आवडत नाही. तो उशिरा उठतो. तो असाच आहे.
चाळीस वर्षं त्या घराच्या पायरीवर
तो एक शब्द चढू दिला नाही तिनं.

मी पेन खाली ठेवलं.
बॉयलर सुरू झाला, पाइपांतून कोणीतरी ठोकल्यासारखा.

पेन काझिसनं उचललं.
त्याला आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं,
पण मघापासून तो ते पान उलटं वाचत होता.
उरलेल्या दोन बोटांत पेन धरून
त्यानं चौकटीत फुली मारली, इतकी दाबून
की कागद फाटला,
खालची प्रत फाटली,
टेबलाच्या प्लास्टिकवर चरा उठला.

मग तो मोठ्यानं बोलला,
कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा:
"नवा फॉर्म आहे का? हा खराब झाला."

होता. मी भरून दिला.
डॉक्टरांची सही लागेल, मग टपाल,
मग दहा आठवडे, कदाचित बारा.
मंजूर होईल का, ते मी कधीच सांगत नाही.
तोवर सुरी आहे.

नऊ डॉलर अल्डोना उचलेना.
काझिसनं उचलले, टोपीत टाकले,
आणि समोरच्या कॉफीच्या दुकानाकडे बोट केलं,
माझ्यासकट.
मी म्हटलं, दोन वाजेपर्यंत जागा सोडता येत नाही.

माझाही एक फॉर्म आहे घरी,
ब्रेडच्या डब्याखाली.
नाव घातलंय. पत्ता घातलाय.
चौथ्या पानापर्यंत
अजून गेलो नाही.