कार्यवृत्त, मुद्दा क्रमांक सात

मामा तलाव, मौजा खैरटोला.
पंचायत समितीच्या सभागृहात चालू पंखा एकच,
म्हणून चारही खाती एका टेबलाला.

पाणी लघुसिंचनाचं.
मासे मत्स्य विभागाचे.
पाळीवरचे अर्जुन वनखात्याचे,
आणि तळाची जमीन, पाणी आटलं की,
तलाठ्याची.
बेशरम कोणाच्याच रकान्यात बसेना;
ती मी 'इतर'मध्ये घातली.

सुगरता नान्हे, ढिवर संस्थेची सचिव,
दाराशीच उभी. खुर्ची पुढे केली तर म्हणाली,
"लुगडं ओलं हाये जी."
मग नकाशा पाहिला. त्यात तलाव चार रंगांचा.
"आमच्या पायाले तं एकच चिखल लागते."

मी लिहिलं: संयुक्त पाहणी करण्यात यावी.
सोळा वर्षं लिहितो आहे हे वाक्य,
आता कागदाकडे बघावंही लागत नाही.

पण या खेपेला डिझेल एकाच गाडीपुरतं निघालं.
चौघं एका जीपमध्ये,
मांडीवर आपापली फाईल,
सानगडीच्या फाट्यापर्यंत कोणी बोललं नाही.

तलावात बाया कमरेइतक्या पाण्यात
गाद लावत होत्या,
धानाच्या पऱ्ह्यांसारखी, मुठीमुठीनं.
"ही कोणाची योजना?" साहेबांनी विचारलं.
"दाडकाची," सुगरता म्हणाली.
"त्याले अंडी घालाले जागा पाह्यजे न."

आधी बूट कोणी काढले
ते मी नोंदवलं नाही.
कार्यवृत्तात एवढंच:
पाहणी झाली. चारही प्रतिनिधी उपस्थित.
विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या.