भेग
आर्मेनिया, तेरावं शतक

दगड खाणीतून निघाला तेव्हाच
अर्तावाझ उस्तादाने त्याला कान लावला होता.
“कुठेतरी खोटा वाजतोय,” म्हणाला.
पण बैल घाटात आधीच खचले होते
आणि खोरिशाबाईंनी चांदी मोजली होती
लढाईत गेलेल्या मुलासाठी.

दोन हिवाळे आम्ही क्रूस विणला.
हो, विणलाच. दगडात सुईची जाळी,
काठाने द्राक्षवेल, पायथ्याशी डाळिंब.
डाळिंबापाशी छिन्नी अडली:
केसाएवढी भेग.
मेण, दगडाची पूड, अंगठ्याने दाबून.
“ब्र काढायचा नाही.”

आज अख्खं लोरी खोरं जमलंय.
पाद्रीबुवांनी दगडाला न्हाऊ घातलं,
आधी पाण्याने, मग द्राक्षारसाने.
लाल धार पाकळ्या चुकवत उतरली,
नेमकी तिथे थांबली
आणि मेणाच्या कडेने आत शिरली.

डाळिंबातून फुटला
एक तांबडा फाटा,
आमच्या कुणाच्याच हातचा नव्हे.

पवित्र तेलाचं बोट लागायच्या आत
खोरिशाबाई पुढे झाल्या, वाकल्या,
ओठ टेकले.
तिथेच.

उतारावर उस्तादाने एवढंच विचारलं,
“मेण लागलं असेल का गं बाईच्या ओठांना?”