वजनकाटा क्रमांक चार

सोहारच्या बंदरात रात्री पावणेतीनला
चौथ्या काट्यासमोर अकरा ट्रक उभे.
इंजिनं चालूच. एसी बंद केला
तर ऑगस्ट आत येऊन शेजारी बसतो.

सर्व्हर म्हणतो, कोणी आलंच नाही.
काटा म्हणतो, मी केव्हाचा दार ठोठावतोय.
दोघंही खरं बोलतात.
अशा वेळी माझी नोकरी सुरू होते.

नवा सर्व्हर गुरुवारीच बसवला,
लांब पत्त्यांचा. आठ गट,
आणि मध्ये शून्यं इतकी
की दोन विसर्ग शेजारी शेजारी मांडून
गिळूनच टाकतात ती.
(दुःखाला एक पुरतो.)

काटा जुना. चार आकडे, तीन टिंबं: १०.४.७.१९.
त्याला लांब पत्ता शिकवता येत नाही,
ज्या कंपनीनं तो बनवला
ती बुडून नऊ वर्षं झाली.

केबिनमधून परकारचाचांचा फोन.
केळशीचे. सत्तावीस वर्षं याच काट्यावर.
"बाय, तुजा नवा सायब
आमच्या म्हाताऱ्याला वळखत नाय गो."

मी ओळी वर-खाली करते.
सॉकेट नव्या घराण्याचं उघडलंय, ते ठीक.
पण जुन्यांना आत घ्यायचं की नाही
हे मी सांगितलंच नव्हतं.
माझ्या लॅपटॉपवर न सांगता घेतात,
इथल्या यंत्रावर न सांगता घेत नाहीत.
मस्कतला खोलीच्या भाड्यात पाणी धरलेलं होतं,
सोहारला महिनाअखेर टँकरचं बिल आलं, तसंच हे.
विचारायचं असतं. लिहून घ्यायचं असतं.

'फक्त नवे' : शून्य.
एवढीच ओळ. तीही बाइंडच्या आधी,
मागून लिहिली तर कोणी ऐकत नाही.

दार उघडलं. काट्यानं पाऊल आत टाकलं
आणि पहारेकऱ्यानं त्याला बाहेर काढलं.

आता हे काय?
परवानगीच्या यादीत होतं १०.४.७.१९.
दारात उभं होतं: दोन विसर्ग, चार एफ,
एक विसर्ग, मग १०.४.७.१९.
तोच म्हातारा. फक्त आत यायचं म्हणून
कोणीतरी त्याला नवा कोट चढवलेला,
गळ्यापर्यंत बटणं लावून.
आणि माझी यादी बटणं वाचत बसलेली.

चाचांना सांगितलं तर हसले.
"म्हंजे तो बारकार झाला."

अरबीत प नाही.
पासपोर्टवर परकार, बताक्यावर बारकार.
एका वर्षी बँकेनं तीन महिने पैसे अडवले,
केळशीत स्लॅब अर्ध्यावर, सळया आभाळात.
"उर्दूत पे-ला तीन टिंबं, बाय.
हितं बे-ला एकच.
माजी दोन टिंबं विमानतळावर राहिली
ती अजून कोणी आणून दिली नाय."

मी यादीची तपासणी खोडली.
अक्षरं जुळवू नकोस, असं लिहिलं,
वरचे बारा बाइट उतरवून ठेव,
खालचे चार बघ. माणूस तिथे आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी
पहिला ट्रक काट्यावर चढला.
एकेचाळीस हजार तीनशे साठ किलो चुनखडी.
बलुच ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नाही,
त्यानं खिडकीतून फक्त हात बाहेर काढला.
पाचव्या काट्याचं अजून बघायचंय.
तो याहून जुना आहे.

पावती छापून आली.
तारीख, वजन, काटेवाला: बारकार.
चाचांनी ती गुडघ्यावर ठेवली
आणि खाली पेनानं सही केली,
उजवीकडून डावीकडे,
मग पेन उचलून
तीन टिंबं दिली. सावकाश.